नवी सोय आणि जुना सूर

वाद्य सुधारावें कीं सुधारूं नये, असा प्रश्न कोणी विचारला तर तो बहुधा हंसण्यावारी नेला जाईल. सुधारणा चांगलीच असावयाची, म्हणून तर तिला सुधारणा म्हणतात, असें त्याला उत्तर मिळेल. लांकूड, तार आणि कातडें यांच्या वाद्यांपुरतें हें उत्तर पुरेसें आहे. मिरजेच्या कारागिरानें उद्यां तंबोऱ्याची जवारी निराळ्या रीतीनें काढावयाचें ठरविलें, तरी काल त्याच्याकडून विकत नेलेला आणि कोणाच्या तरी घरीं गवसणींत उभा असलेला तंबोरा त्यामुळें तसूभरहि बदलत नाहीं. नवें ज्याला हवें त्यानें नवें घ्यावें, जुनें ज्याला प्रिय त्यानें तें जपावें. कारागिराची सुधारणा त्याच्या दुकानाचा उंबरठा ओलांडून गेलेल्या वाद्यांपर्यंत पोंचत नाहीं, आणि म्हणूनच ती करतांना त्याला कोणाची परवानगी विचारावी लागत नाहीं.

परंतु गेल्या कांहीं दशकांत असें एक वाद्य निर्माण झालें आहे कीं, ज्याच्याविषयीं हा प्रश्न हंसण्यावारी नेतां येत नाहीं. त्याला सॉफ्टवेअर सिंथेसायझर म्हणतात. रॉबर्ट मूग या अमेरिकन कारागिरानें १९६४ मध्यें विजेवर चालणारा जो सिंथेसायझर पुढें आणला, त्यांत निदान तारा, खुंट्या आणि पेटी तरी होती. येथें पेटीहि नाहीं. हें वाद्य म्हणजे केवळ लिहिलेला मजकूर होय. संगणक तो वाचतो आणि दर सेकंदाला ४४,१०० किंवा त्याहूनहि अधिक वेळां ध्वनिकंपाचा आंकडा मोजून काढतो. मूळ कंप कोणता उठावा, त्यांतील तीव्र अंश किती गाळावे, स्वर किती वेळांत चढावा व किती वेळांत विझावा, हें सर्व वादक आंकड्यांनींच ठरवितो. अशा शेंकडों आंकड्यांच्या एका संचाला या मंडळींत 'पॅच' असें नांव आहे.

येथें एक गोष्ट वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावी. पॅच म्हणजे ध्वनि नव्हे. ती ध्वनीची कृति आहे. आजीनें लोणच्याची कृति कागदावर लिहून ठेवली आणि तींत "एक वाटी मीठ" असें म्हटलें. पुढें घरांतली ती वाटी जाऊन तिच्या जागीं कोणी मोठी, सुबक, नवी वाटी आणून ठेवली, तर कागदावरील एक अक्षरहि न बदलतां लोणचें बिघडेल. सिंथेसायझर सुधारणारा मनुष्य हा घरोघरच्या वाट्या बदलणारा मनुष्य आहे. त्यानें आपल्या टेबलाशीं बसून एक ओळ फिरविली कीं, ज्यांना त्यानें कधीं पाहिलें नाहीं अशा माणसांच्या पूर्ण झालेल्या, कदाचित् त्यांच्या उभ्या आयुष्यांतील बऱ्या म्हणाव्या अशा रचनांचा सूर बदलूं शकतो. सुधारणारा आणि वादक यांच्यामध्यें जो उंबरठा होता तो नाहींसा झाला आहे.

लिनक्स या खुल्या संगणक-प्रणालीवर संगीत रचणाऱ्यांत अशीं जीं वाद्यें प्रचारांत आहेत, त्यांपैकीं 'सर्ज' या वाद्याचा इतिहास या दृष्टीनें विशेष बोधप्रद आहे. क्लेस जोहान्सन यानें 'व्हेंबर ऑडिओ' या नांवाखालीं तें या शतकाच्या पहिल्या दशकांत तयार करून विकावयास आरंभ केला. तेव्हां तें विंडोज व मॅक यांपुरतेंच होतें. सप्टेंबर २०१८ मध्यें त्यानें वाद्याचा मूळ मजकूर जीएनयू जनरल पब्लिक लायसन्स या परवान्याखालीं सर्वांस खुला केला. मग स्वयंसेवकांच्या एका मंडळानें तें हातीं घेतलें, लिनक्सवर चालतें केलें, आणि जानेवारी २०२२ मध्यें 'सर्ज एक्सटी' या नांवानें त्याचें नवें रूप प्रसिद्ध केलें.

या नव्या रूपांतील सोयी पाहिल्या म्हणजे खुलेपणाचा अर्थ पुस्तकी व्याख्येपेक्षां अधिक चांगला कळतो. मूळ ध्वनि उत्पन्न करण्याच्या आतां बारा पद्धति आहेत. त्यांपैकीं एक छेडलेल्या तारेचें गणित करते. त्या पद्धतीचें मूळ केव्हिन कार्प्लस आणि ॲलेक्स स्ट्राँग यांनीं १९८३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत आहे. दुसरी एक पद्धति एमिली जिले या फ्रान्समधील बाईंनीं आपल्या 'प्लेट्स' नांवाच्या प्रत्यक्ष वाद्यासाठीं लिहिलेल्या मजकुरावरून घेतली आहे. त्यांनीं तो मजकूर खुला ठेवला होता. त्यांची 'म्यूटेबल इन्स्ट्रुमेंट्स' ही संस्था २०२२ मध्यें बंद झाली, तरी त्यांची करामत अशी दुसऱ्यांच्या वाद्यांत नांदत आहे. वादकाला स्वतः चार ओळींचें सूत्र लिहून त्याप्रमाणें ध्वनि हालविण्याची सोय झाली आहे. ज्यांना दिसत नाहीं अशा वादकांस, पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या साधनांच्या आधारें, हें वाद्य हाताळतां यावें म्हणून २०२२ मधीलच पुढच्या आवृत्तींत बराच खटाटोप केलेला आहे. आणि इतर सर्व सोयी एका पारड्यांत घालून ही एकटी दुसऱ्या पारड्यांत घातली तरी माझ्या मतें तिचेंच पारडें जड होईल. बाजारांत विकल्या जाणाऱ्या वस्तूंत असल्या सोयींना शेवटचा क्रमांक मिळावा, हें कांहीं आश्चर्य नव्हे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. समजा, ध्वनि गाळण्याच्या गणितांत मूळ कर्त्याकडून एक बारीक चूक राहिली होती. तिच्यामुळें मंद्र स्वरांत किंचित् घरघर येई. २००६ साली कोणा एकाला ती घरघर आवडली. ती चूक आहे हें त्याला ठाऊकहि नव्हतें. त्यानें तिच्यावर आपलें गाणें उभारलें. पुढें एका हुशार तरुणानें ती चूक शोधून काढली व दुरुस्त केली. गणिताच्या दृष्टीनें त्याचें कृत्य निर्दोष आहे. परंतु त्या गाण्यांतून घरघर गेली, आणि गाणाराच्या कानाला त्या ठिकाणीं खड्डा जाणवूं लागला. अन्याय झाला कीं नाहीं? झाला असल्यास तो कोणी केला?

सर्जच्या मंडळानें या प्रश्नाला दिलेलें उत्तर कृतीचें आहे. प्रत्येक पॅचबरोबर तो वाद्याच्या कोणत्या पिढींत लिहिला गेला याचा अंक नोंदलेला असतो. जुना पॅच उघडला कीं वाद्य तो अंक पाहतें आणि, जेथें नव्या गणितानें ध्वनि पालटला असता तेथें, त्या पॅचपुरतें जुन्या काळाप्रमाणें वागतें. दुरुस्ती नव्या पॅचसाठीं. जुन्यासाठीं जुनी चूकहि जशीच्या तशी जतन केलेली. परक्या माणसाचा दोष, परक्याच माणसासाठीं, विनावेतन सांभाळून ठेवण्याचा हा उद्योग आहे. तो त्यांनीं कां करावा?

कायदा म्हणेल, करण्याचें कारण नाहीं. ज्या परवान्याखालीं हें वाद्य दिलें जातें त्याच्या पंधराव्या व सोळाव्या कलमांत स्पष्ट म्हटलें आहे कीं, वस्तु जशी आहे तशी दिली आहे, हमी कसलीहि नाहीं, आणि नुकसान झाल्यास देणारा जबाबदार नाहीं. पैसे घेतले नाहींत, वचन दिलें नाहीं, मग कर्तव्य कोठून आलें? पुष्कळ सज्जन माणसांचें मत असेंच असतें. फुकट मिळालेल्या घोड्याचे दांत मोजूं नयेत.

मला हें मत पटत नाहीं, आणि त्याचें कारण आपल्याच धर्मशास्त्रांत सांपडतें. तेथें दान आणि उत्सर्ग असा भेद केलेला आहे, आणि पां. वा. काणे यांनीं आपल्या 'धर्मशास्त्राचा इतिहास' या इंग्रजी ग्रंथांत त्याचें सुरेख विवेचन केलें आहे. दान विशिष्ट व्यक्तीला दिलें जातें; घेणारा तें स्वीकारून मालक होतो आणि देणाऱ्याचा त्याशीं संबंध सुटतो. विहीर, तळें किंवा आमराई लोकांसाठीं सोडावयाची ती मात्र उत्सर्गानें. तींत मालकी सुटते, पण कोणी एक नवा मालक होत नाहीं. सर्व प्राण्यांना उपभोग मोकळा होतो, आणि विहीर खणणाराहि, लोकांपैकींच एक म्हणून, तिचें पाणी पिऊं शकतो. २०१८ मधील जोहान्सनचें कृत्य दानापेक्षां उत्सर्गाच्या जातीचें आहे. सादृश्य सर्वांगीं नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. या परवान्यांत लेखकाचा स्वामित्वहक्क सुटत नाहीं. उलट तो राखून, त्याच्याच जोरावर अशी अट घातली जाते कीं, जो कोणी हा मजकूर बदलून पुढें वांटील त्यानें आपला बदललेला मजकूरहि याच अटींवर खुला ठेवावा. तळ्याच्या कांठीं कोणी कुंपण घालूं नये म्हणून मालकानें मालकीचा कागद तेवढा आपल्या पेटींत ठेवावा, तसें हें आहे.

उत्सर्ग केलेल्या विहिरीचा पुढें एखादा परोपकारी मनुष्य जीर्णोद्धार करतो. तिला उतरावयास सात पायऱ्या आहेत. गांवची एक बाई रोज पहांटे अंधारांत, डोक्यावर घागर घेऊन, त्या पायऱ्या मनांत मोजीत उतरते. या गृहस्थाला वाटलें कीं, पायऱ्या फार उंच आहेत, सातांच्या आठ कराव्या. त्यानें स्वतःच्या खर्चानें एका रात्रींत त्या केल्या. पहांटे ती बाई पडली. आतां "मीं कोणाकडून एक पैसा घेतला नाहीं, आणि सातच राहतील असें तिला कधीं सांगितलेंहि नव्हतें," हें त्याचें म्हणणें खरें असूनहि पुरेसें आहे काय? त्याचें देणें पैशांतून उत्पन्न झालें नाहीं, वचनांतूनहि नाहीं. ती बाई त्या पायऱ्यांवर विसंबून उतरत होती आणि तें त्याला ठाऊक असावयास हवें होतें, यांतून तें उत्पन्न झालें. फुकट विहिरीवर माणूस विकतच्या विहिरीइतकाच विसंबतो. गरीब असेल तर अधिकच, कारण त्याला दुसरी विहीर नसते. लिनक्सवर संगीत करणारांत पुष्कळजण असे आहेत कीं, महागडीं वाद्यें विकत घेणें त्यांच्या आवांक्याबाहेरचें आहे.

स्मृतिकारांनीं व्यवहाराचीं जीं अठरा पदें मोजलीं त्यांत दिलेलें परत घेण्यासंबंधींचें एक स्वतंत्र पद आहे. म्हणजे मोबदल्यावांचून दिलें म्हणून वाटेल तेव्हां काढून घ्यावें, हें त्यांना मान्य नव्हतें. जुन्या पॅचचा ध्वनि गुपचूप बदलणें हें मला असेंच दिलेलें काढून घेण्यासारखें वाटतें. फरक इतकाच कीं, येथें हिसकावून घेणारा स्वतःला देणारा समजत असतो.

यावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही सारख्या योग्यतेचे नाहींत. पहिला असा कीं, मजकूर खुला आहे, जुन्या आवृत्त्या जपून ठेवलेल्या आहेत. ज्याला जुनी घरघर हवी त्यानें जुनी आवृत्ति वापरावी, आणि फारच मतभेद असेल तर वेगळी चूल मांडावी. असें घडतेंहि. 'झिन-ॲड-सब-एफएक्स' हा रुमानियांतील नाश्का ऑक्टेव्हियन पॉल याचा सिंथेसायझर; त्याच्यापासून २००९ मध्यें 'योशिमी' ही निराळी शाखा फुटली आणि दोन्हीं शाखा आपापल्या मार्गानें वाढल्या. वेगळें होण्याचें हें स्वातंत्र्य मोलाचें आहे, पण येथें तें उत्तर म्हणून पुढें करणें ही थट्टा होय. जुनी आवृत्ति जुन्या आधारावर उभी असते. लिनक्सच्या अगदीं गाभ्यापुरता लिनस टोरवाल्ड्स यानें असा दंडक घातला आहे कीं, वर चालणारा कार्यक्रम गाभ्याच्या नव्या आवृत्तीमुळें मोडतां कामा नये. परंतु गाभा आणि वाद्य यांच्यामध्यें जे अनेक थर असतात ते सगळेच हें व्रत पाळीत नाहींत. दहा-पंधरा वर्षांपूर्वींचें वाद्य आजच्या यंत्रावर पुन्हां उभें करणें हें वादकाचें काम नव्हे, तें जाणत्या कारागिराचें काम आहे. ज्याला सतार वाजवितां येते त्याला भोपळा पेरून वाढवावयास सांगण्यासारखेंच तें.

दुसरा आक्षेप खरा जड आहे. प्रत्येक जुनी चूक सांभाळली म्हणजे मजकुरांत एक गांठ वाढते. नवा स्वयंसेवक येतो तो कांहीं नवें करावें या उमेदीनें. आणि त्याला प्रथम शिकावें लागतें तें हें कीं, या ओळींतली चूक ही चूक आहे, पण तिला हात लावावयाचा नाहीं, कारण ती कोणाच्या तरी गाण्यांत गेली आहे. त्याच्या संध्याकाळी अशा जातात. ज्यानें सर्ज २००६ मध्यें पैसे देऊन विकत घेतला त्याचा करार दुसऱ्याशीं झाला होता; त्या कराराचें ओझें या पोरांनीं कां वाहावें?

वारसा घेणारानें ऋणहि घ्यावें, हा आपल्याकडील जुना न्याय. बापाचें कर्ज मुलानें फेडलें पाहिजे हें हिंदु कायद्यांत धर्मकर्तव्य मानलें जाई; २००५ च्या दुरुस्तीनें तें पुढें होणाऱ्या कर्जांपुरतें काढून टाकलें. परंतु जेव्हां तें पूर्ण जोरांत होतें तेव्हांहि त्याला मर्यादा होती: बापानें जुगारांत किंवा दारूपायीं केलेलें अव्यावहारिक ऋण फेडण्यास मुलगा बांधलेला नव्हता. मला वाटतें, येथेंहि असाच भेद करतां येईल. ज्या दोषामुळें वाद्य मध्येंच बंद पडतें किंवा वादकाचें लिहिलेलें नष्ट होतें, त्या दोषाचा वारसा कोणी मागत नाहीं. तो खुशाल मारून टाकावा. जो दोष कानांपर्यंत पोंचला आणि रचनेचा भाग झाला, त्याची गोष्ट निराळी. त्यावर आतां वाद्यकाराइतकाच, किंबहुना त्याच्याहून अधिक, वादकाचा हक्क आहे. ही रेषा नेहमींच स्वच्छ दिसेल असें नाहीं. यंत्राच्या बिघाडानें येणारी 'खट्' अशी कुचकामी कुरकुर कोणी तालासाठीं वापरली असेल, तर काय करावें? मी म्हणेन, जुन्या पॅचपुरती तीहि राहूं द्यावी. यांत नव्या स्वयंसेवकावर भार पडतो हें खरेंच, आणि तो भार हलका करण्याची कोणतीहि युक्ति मला सुचलेली नाहीं. त्यानें तो उचलावा अशी अपेक्षा करणारांनीं निदान त्याचे आभार मानण्यांत कुचराई करूं नये, एवढें म्हणतां येतें.

नवी सोय आणि जुना सूर यांचा असा झगडा प्रत्येक वेळीं होतोच असें मात्र नाहीं. स्वरस्थानें बदलण्याची सोय याचें उत्तम उदाहरण आहे, आणि ती आपल्या संगीताच्या फार जवळची असल्यामुळें तिच्यापाशीं थोडें थांबतों. पाश्चात्य समविभागी सप्तकाचे १२०० सेंट मोजतात. त्यांत षड्जापासून शुद्ध गांधार ४०० सेंटांवर येतो. तंबोऱ्यांतून आपोआप ऐकूं येणारा गांधार ३८६ सेंटांच्या आसपास असतो. हें चौदा सेंटांचें अंतर ज्याच्या कानाला खुपलें त्याला हार्मोनियम सहन होत नाहीं. ऑल इंडिया रेडिओनें १९४० मध्यें तिला जें घराबाहेर काढलें तें १९७१ पर्यंत, त्यामागें इतर कारणांबरोबर हेंहि एक होतें. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं १९१० मध्यें बावीस श्रुतींवर इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केलें आणि ई. क्लेमेंट्स यांच्या साहाय्यानें श्रुति-हार्मोनियमचा पुरस्कार केला. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेंत श्रुतींवर वाद झाले. भातखंडे यांना देवलांचें गणित मान्य नव्हतें. देवलांची अडचण अशी होती कीं, त्यांचें मत पितळेच्या जिभांत कायमचें घडवावें लागे. ज्याला तें मान्य नाहीं त्याला ती पेटी निरुपयोगी, आणि ज्याच्या घरीं जुनी पेटी आहे त्याला त्या मताचा उपयोग नाहीं.

सर्जमध्यें, आणि झिन-ॲड-सब-एफएक्स व योशिमी यांमध्येंहि, ही गोष्ट एका साध्या मजकुराच्या फायलीनें होते. मॅन्युएल ऑप डी कौल या डच गृहस्थानें 'स्काला' नांवाच्या आपल्या कार्यक्रमासाठीं तिचा सांचा बसविला. तींत सप्तकांतील स्वरांचीं गुणोत्तरें एकाखालीं एक लिहावयाचीं; ५/४ असें लिहिलें कीं गांधार खालीं उतरतो. देवलांचें गणित ज्याला पटतें त्यानें तें लिहावें, ज्याला पटत नाहीं त्यानें आपलें लिहावें, आणि ज्याला यांतलें कांहींच नको त्याच्या वाद्यांत पूर्वींचेंच समविभागी सप्तक जागच्या जागीं असतें. जुन्या रचनेंतील गांधार बदलला तर तो वादकानें स्वतः बदलला म्हणून बदलतो, झोंपेंत नव्हे. गुणोत्तरांची यादी म्हणजे राग नव्हे, मींड आणि आंदोलन कोणत्याहि यादींत मावत नाहीं, हें निराळें सांगावयास नको. पण ज्या विद्यार्थ्याला चौदा सेंटांचा फरक कानानें ओळखावयाचा आहे त्याला ही सोय बडोद्याच्या त्या सबंध वादापेक्षां लवकर शहाणें करील.

एका बाबतींत मात्र या मंडळाच्या सद्भावाचाहि इलाज चालत नाहीं. जोहान्सनच्या वेळचा सर्ज ज्या सांच्यांतून ध्वनिमुद्रणाच्या कार्यक्रमाला जोडला जाई तो 'व्हीएसटी-२' हा सांचा स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीच्या मालकीचा आहे, आणि त्याचे नवे परवाने देणें तिनें २०१८ मध्यें बंद केलें. त्यामुळें नव्या मंडळाला त्या सांच्यांतलें वाद्य वांटतां येत नाहीं. २००६ चें गाणें आज उघडलें तर तें आपलें जुनें वाद्य जुन्या दारावर शोधतें, आणि तें दार तिऱ्हाइताच्या कुलपाखालीं असतें. जून २०२२ मध्यें 'क्लॅप' नांवाचा खुला सांचा जाहीर झाला, सर्जनें तो स्वीकारला, परंतु मागील कुलूप त्यानें उघडत नाहीं. वादकानें आपला जुना पॅच वेगळा जतन केला असेल तर तो नव्या वाद्यांत हातानें घालावा, म्हणजे अंक पाहून तें जुन्याप्रमाणें वाजूं लागेल. आणि एक्सटी हें नांव देतांना मंडळानें एवढी काळजी घेतली कीं, नवें वाद्य जुन्याच्या जागीं बसूं नये. तें निराळें वाद्य म्हणूनच नोंदलें जातें, आणि दोन्हीं एकाच संगणकावर शेजारीं शेजारीं राहूं शकतात.